पतसंस्था, सासूबाई आणि शनिवारचा लेखनवर्ग

नोव्हेंबरात आमचा लेखनवर्ग संपला आणि परवा अनामत रक्कमही परत मिळाली. मधल्या काळात ओळखीतल्या तिघीचौघींनी एकच प्रश्न विचारला, 'तुला वेळ कसा मिळाला गो?' वेळ मिळाला नाही, काढावा लागला. तो काढताना कुठे कुठे अडलं, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी घरची परिस्थिती. आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. 2018 मध्ये खाणी बंद झाल्या तोवर नवऱ्याचा टिप्पर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक होता. तो विकला आणि आता नवरा औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करतो. मी पतसंस्थेत काउंटरवर. मुलगी दहावीला, मुलगा सहावीत. मार्च 2025 मध्ये सासूबाई न्हाणीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून त्या वॉकरवर आहेत. यात जगावेगळं काही नाही. आमच्या वाड्यावर अशी दहा घरं निघतील.

पण मे संपता संपता माझं काहीतरी बिनसलं. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजायच्या आधी उठायचं, रात्री अकराला पाठ टेकायची आणि मग दोनपर्यंत टक्क जागं राहायचं. पडल्या पडल्या डोक्यात यादी चालू: गॅस, फिजिओथेरपी, मुलीची ट्यूशन फी, सासूबाईंच्या गोळ्या, पुन्हा गॅस. जूनमध्ये एकदा काउंटरवर एक गृहस्थ पासबुक पुढे करून उभे होते आणि मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले. या पासबुकाचं काय करायचं असतं तेच आठवेना. शेजारच्या कारकुनाने ते माझ्या हातातून घेतलं. त्या दिवशी मी घाबरले.

इथे पहिली गोष्ट सांगते. लगेच वही-पेन घेऊन बसू नका, आधी रक्त तपासून घ्या. थकवा, विसराळूपणा, झोप उडणं यामागे थायरॉईड असू शकतं, हिमोग्लोबिन किंवा बी-ट्वेल्व्ह कमी असू शकतं. मी सरकारी आरोग्य केंद्रात केसपेपर काढला. बाकी तपासण्या तिथेच झाल्या, बी-ट्वेल्व्ह बाहेरच्या लॅबमध्ये करावी लागली, तिचे 850 रुपये गेले. हिमोग्लोबिन थोडं कमी होतं, गोळ्या सुरू झाल्या. बाकी सगळं ठीक. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, 'घरी तुमच्याशी बोलायला कोण आहे?' मी म्हटलं, 'सगळेच माझ्याशी बोलतात, तोच त्रास आहे.' त्या हसल्या आणि समुपदेशक बाईंच्या नावे चिठ्ठी दिली. त्यांची तारीख मिळायला तीन आठवडे गेले.

जुलैच्या मध्यावर भेट झाली. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, नैराश्याची प्रश्नावली भरून घेतली आणि म्हणाल्या की औषधाची गरज आत्ता दिसत नाही, पण महिन्याने परत या. तोवर एक करून बघा, सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहा. जे मनाला सर्वांत जास्त लागलंय त्याबद्दल लिहा. शुद्धलेखन बघू नका, कुणाला दाखवू नका, हवं तर फाडून टाका.

ही पद्धत त्यांच्या मनातली नव्हती. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सॅन्ड्रा बील यांच्याबरोबर 1986 मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला होता. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं लिहायला लावलं. काहींना क्षुल्लक विषय दिले, काहींना मनावर घाव घालणारे प्रसंग. ज्यांनी नुसती घटना किंवा नुसती भावना न लिहिता दोन्ही लिहिलं, त्यांच्या पुढच्या सहा महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. मात्र लिहून उठल्यावर लगेच त्यांना बरं वाटलं नव्हतं, उलट जास्त वाईट वाटलं होतं. हे बाईंनी मला आधीच सांगितलं, हे फार बरं झालं. कारण पहिल्या रात्री वही मिटली तेव्हा मला हुंदका आवरेना आणि दुसऱ्या दिवशी मी मुलावर उगाच खेकसले. माहीत नसतं तर तिथेच सोडून दिलं असतं.

आणखी एक नियम त्यांनी सांगितला. एखाद्या विषयाला हात घातल्यावर पायाखालची जमीन सरकतेय असं वाटलं तर तो विषय तिथेच सोडायचा आणि दुसरं काही लिहायचं. घरात नुकताच मृत्यू किंवा अपघात झाला असेल तर घाईने त्यावर लिहायला बसायचं नाही.

चार दिवस झाले. प्रामाणिकपणे सांगायचं तर माझं फारसं काही हललं नाही. वहीत तक्रारी होत्या. नणंद फोनवर सल्ले देते पण येत नाही, नवरा दिवसा झोपतो म्हणून मिक्सर लावायचा नाही, सासूबाई हाका मारतात. वाचून बघितलं तर डोक्यातली यादीच कागदावर उतरली होती, फक्त आता ती शाईत होती. बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, सगळ्यांना सारखा उपयोग होत नाही. 2006 मध्ये अशा 146 अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा फायदा दिसला खरा, पण तो लहान होता. मला हे ऐकून हायसं वाटलं. जादूची कांडी म्हणून कुणी काही विकत असेल तर माझा आधी संशय जागा होतो, पतसंस्थेत बसून ही सवय लागते.

लेखनवर्गाची सूचना तोवर मी वाचनालयाच्या फलकावर पाहिली होती. तालुक्याच्या गावातलं वाचनालय, नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर करायची आहे. महिलांसाठी सर्जनशील लेखन, आठ शनिवार, दुपारी तीन ते पाच, शुल्क 600 रुपये, अनामत 200 रुपये, जागा वीस. अनामत कशासाठी, तर बायका नाव घालतात आणि दोन आठवड्यांनी येईनाशा होतात म्हणून. किमान सहा वर्ग केले तर परत.

अर्जाला आधार कार्डाची स्वसाक्षांकित प्रत, दोन फोटो आणि शिक्षणाचा पुरावा हवा होता. गोष्ट लिहायला बारावीचं प्रमाणपत्र कशाला, हे मला आजही कळलेलं नाही. प्रमाणपत्रावर माझं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, 'या दोन बायका झाल्या.' मी लग्नाचा दाखला आणायला घरी गेले. गोव्यात लग्नाची सिव्हिल नोंदणी सक्तीची, त्यामुळे दाखला प्रत्येक घरात कपाटाच्या तळाशी असतोच. पुढच्या खेपेला तो जोडला. अर्जात 'आपण लेखन का करू इच्छिता?' असा रकाना होता, पाच ओळींचा. मी एकच ओळ लिहिली: शनिवारी दोन तास मला कुणी हाक मारू नये म्हणून. गृहस्थांनी ती वाचली, चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

माझं नाव प्रतीक्षा यादीत तिसरं होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फोन आला की जागा झाली. वर्ग 23 ऑगस्टला सुरू व्हायचा होता. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, 27 ला. चवथीच्या तोंडावर, घरात रंगकाम आणि गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीची जमवाजमव चालू असताना गोव्यातली कुठली बाई शनिवारी दुपारी निबंध लिहायला येईल, हा विचार तारीख ठरवताना कुणाच्या डोक्यात आला नव्हता. मग तारीख पुढे ढकलली. तर त्या दिवशी सभागृह दुसऱ्याच कार्यक्रमाला देऊन बसलेले. हे आम्हाला दारात पोचल्यावर कळलं. शेवटी 13 सप्टेंबरला मुहूर्त लागला.

शनिवारी आमचं काउंटर एक वाजता बंद होतं, ते माझ्या पथ्यावर पडलं. प्रश्न सासूबाईंचा. तीन तासांसाठी वाड्यावरच्या एका बाईला बसवलं, दर खेपेला 150 रुपये. मग हिय्या करून नणंदेला फोन केला आणि सरळ विचारलं, एक शनिवार सोडून एक येशील का? ती मयेला राहते, बसने काही लांब नाही. ती हो म्हणाली. इतके महिने मी तिने स्वतःहून विचारायची वाट बघत होते आणि ती मी बोलवायची. पहिल्या शनिवारी बसमध्ये बसल्यावर मला अपराधी वाटत होतं, चोरून सिनेमाला निघाल्यासारखं. हे वाटणं दोन-तीन आठवड्यांनी कमी झालं. पूर्ण गेलं नाही.

वर्ग घेणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. पहिल्याच दिवशी त्यांनी तीन नियम सांगितले. वाचून दाखवायची सक्ती नाही. कुणी वाचलं तर लिखाणाबद्दल बोलायचं, लिहिणारीच्या संसाराबद्दल नाही. आणि सल्ला द्यायचा नाही. हा तिसरा नियम पाळणं सर्वांत अवघड गेलं. पंधरा-सोळा बायका एका खोलीत आणि 'तू एक काम कर' म्हणायचं नाही! पण त्यामुळेच तिथे तोंड उघडावंसं वाटलं. पेडण्याच्या एका मुलीने गर्भपाताबद्दल चार ओळी वाचल्या, तेव्हा कुणी 'होईल पुन्हा' म्हटलं नाही. बाईंनी एवढंच विचारलं, तू लिहिलेल्या त्या पिवळ्या बादलीबद्दल अजून सांगशील?

दुसऱ्या आठवड्याला घरातली रोजच्या हाताळणीतली वस्तू आणायची होती. मी सासूबाईंची आदोळी, म्हणजे विळी नेली. पातं टॉवेलात गुंडाळलं तरी टोक बाहेर आलं आणि कंडक्टरने 'कितें गो तें?' विचारलंच. वर्गात ती समोर ठेवून वीस मिनिटं लिहायचं होतं, अट अशी की दुःख, प्रेम, कष्ट, आठवण यातला एकही शब्द वापरायचा नाही, फक्त दिसतं ते. रोज सकाळी मी तिच्यावर बसते, पण बघितली तेव्हा पहिल्यांदा. फणसाची फळी, मधोमध खोलगट झालेली. पातं घासून घासून मुळाशी रुंद आणि पुढे बोटभर. खोबरं खवायच्या चकतीचे दोन दात गेलेले, त्यामुळे खोबऱ्यात कायम एक जाडा धागा येतो, तो मी इतकी वर्षं नारळाचा दोष समजत होते. फळीच्या खालच्या अंगाला खिळ्याने कोरलेली फुली. ती कशाची ते माहीत नव्हतं. घरी येऊन सासूबाईंना विचारलं. लग्नाच्या घरी भाजी चिरायला वाड्यावरच्या सगळ्या बायका आपापली आदोळी घेऊन जायच्या, परत येताना बदलू नये म्हणून प्रत्येकीची खूण. मग अर्धा तास त्या बोलत होत्या, कुणाच्या लग्नात किती कोहळे चिरले. त्या संध्याकाळी त्यांनी मला एकदाही उगाच हाक मारली नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी बाईंनी सांगितलं, आजवर लिहिलेल्यातला एक परिच्छेद घ्या आणि सगळीकडे 'मी'च्या जागी 'ती' घाला. तिला नाव द्या. मग तिला असं काहीतरी करू द्या, जे तुम्ही केलेलं नाही. माझं मत विचाराल तर माझ्यापुरता वर्ग इथे सुरू झाला. मी तक्रारवहीतलं एक पान घेतलं. तिचं नाव ठेवलं शेवंती. शेवंती पणजीला औषधं आणायला निघते. चोडणहून रायबंदरला फेरीबोटीने जाते आणि पलीकडे पोचल्यावर उतरतच नाही. फेरीबोटीत पायी चढणाऱ्याला तिकीट नसतं, त्यामुळे तिला कुणी हटकत नाही. ती तशीच परत येते, परत जाते. स्कूटरवाले चढतात, उतरतात. भाजीच्या टोपल्या जातात. ती कठड्याला धरून उभी. घरून फोन येतो, ती नाव बघते आणि पिशवीत टाकते.

मी असं कधी केलं नाही आणि करणारही नाही. पण ते लिहिताना माझा हात थांबत नव्हता. गंमत म्हणजे, वहीत नणंदेवर पान भरून राग होता. शेवंतीची नणंद लिहायला घेतली तर तिला काहीतरी कारण द्यावं लागलं, ती का येत नाही याचं. गोष्टीत माणूस नुसता वाईट ठेवून चालत नाही, वाचणारी लगेच म्हणते, हे पटत नाही. बाई म्हणाल्या की पेनेबेकर आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने 2003 मध्ये हेच मांडलंय. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक सर्वनामं बदलत गेली, म्हणजे कधी 'मी', कधी 'तो', 'ती', 'ते', त्यांच्या तब्येतीत जास्त सुधारणा दिसली. माझ्या बाबतीत तेच कारण होतं की शनिवारची मोकळी हवा, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पण तक्रारवही मी त्यानंतर उघडली नाही, आणि शेवंती मात्र भाजी निवडतानाही डोक्यात असायची. रात्री यादी सुरू झाली की मी तिला फेरीत चढवायची. किती वेळा ती पलीकडे पोचायच्या आत मला झोप लागलीये.

भाषेचं एक सांगते, कारण गोव्यातल्या बायकांना हा प्रश्न पडतोच. आम्ही घरी कोंकणी बोलतो, शाळेपासून लिहितो मराठीत. मी निवेदन मराठीत ठेवलं आणि बायकांच्या तोंडी कोंकणी. बाईंनी एक अक्षर बदललं नाही.

दिवाळीमुळे वर्गाला सुट्टी होती. नरकासुराच्या रात्री मुलं बाहेर, नवरा पाळीवर, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, 'कितें बरयता गो तूं?', म्हणजे काय लिहितेस गं तू? मी शेवंतीची गोष्ट वाचून दाखवली. वाटलं, आता त्यांना हा टोमणा वाटणार. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, 'चोडणां तिची एक भयण आसूं दी.' बहीण असली तर तिच्याकडे जाऊन बाई दुपारभर पडू तरी शकेल, उभी किती राहणार? मग धालोचं, म्हणजे बायकांच्या गाण्या-नाचण्याचं, निघालं. पौषात रात्रीची जेवणं उरकली की वाड्यावरच्या साऱ्या बायका मांडावर, म्हणजे त्यासाठीच्या ठरलेल्या मोकळ्या जागी, दोन रांगा समोरासमोर, गाणी तोंडपाठ. पुरुषांचं तिथे काही काम नसे. सासूबाई म्हणाल्या, घरात सासूसमोर जे बोलायची छाती नव्हती ते गाण्यात आपसूक यायचं, आणि सासू समोरच्या रांगेत असायची. मी ते त्याच रात्री लिहून काढलं. नवीन काहीतरी शिकायला आपण बसने जातोय असं मला वाटत होतं, आणि हे सगळं माजघरात वॉकर धरून बसलं होतं. शेवंतीला बहीण दिली. गोष्ट सुधारली.

शेवटचा वर्ग 8 नोव्हेंबरला झाला. तिथे मी उभी राहून वाचलं, पाय लटपटत होते. अर्ध्या जणींचं म्हणणं, शेवंतीने घरी जावं, अर्ध्यांचं, अजून एक फेरी मारावी. भांडण झालं म्हणायला हरकत नाही.

आता कसं आहे ते खरं खरं. कामं तेवढीच आहेत. नवरा दिवसा झोपतोच, मिक्सर बंदच. डोकं अजून दुखतं, हिमोग्लोबिनच्या गोळ्या चालू आहेत. झोप मात्र पुष्कळ सुधारली आणि काउंटरवर तसं पुन्हा झालं नाही. समुपदेशक बाईंकडेही दोनदा जाऊन आले. लेखन हा उपचार नाही, हे त्यांनी आणि वर्गाच्या बाईंनी दोघींनी बजावलं होतं. कुणाला जगणंच नको वाटत असेल तर वही बाजूला ठेवा आणि 14416 वर फोन करा. ही टेलि-मानसची सरकारी सेवा 2022 पासून आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असते. बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ आहे.

वर्गातल्या आम्ही चौघी आता महिन्यातून एका शनिवारी एकीच्या बलकावात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर जमतो. नियम तेच तीन. खायला जिचं तिने आणायचं, यजमानीणबाईने चहासुद्धा करायचा नाही, थर्मास येतो. हा चौथा नियम आम्ही वाढवला. नाहीतर एकीचा शनिवार स्वयंपाकघरातच जातो.

खर्च म्हणाल तर शुल्क, येण्याजाण्याचं बसभाडं आणि सासूबाईंजवळ बसणाऱ्या बाईचे पैसे. बसणाऱ्या बाईचा आकडाही मोठा होतो, तो आधी धरा. वही चाळीस रुपयांची पुरते, महागडी घेतली की खराब करायची भीती वाटते. अनामत परत घ्यायला मूळ पावती लागते, झेरॉक्स चालत नाही, आणि तो हिशेब फक्त मंगळवारी बघतात. पुढच्या वर्गाचे अर्ज जानेवारीत निघतील असं खिडकीवर सांगितलंय. तारीख पक्की करण्याआधी सभागृह मिळालंय का ते विचारा. आणि बारावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव असेल तर पहिल्याच खेपेला लग्नाचा दाखला बरोबर न्या.